रोझमेरीच्या रानात मेंढरं बसली तेव्हा

टोमॅटोचं नुसतं नाव काढलं तरी माझी कंबर दुखायला लागते. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच दुखते. लग्न होऊन डिंगोऱ्यात आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि त्यातली बरीचशी मी टोमॅटोच्या सरीत वाकून काढली. रोपं लावा, बांबू ठोका, तार ओढा, मग एकेक झाड सुतळीनं तारेला बांधा. ते वीतभर वाढलं की पुन्हा बांधा. ढग आले की फवारणी, ढग गेले की फवारणी. तोडा सुरू झाला की उजाडायच्या आत क्रेट भरायचे, कारण गाडी नारायणगावच्या मार्केटला वेळेत पोचली पाहिजे. आणि एवढं करून टोमॅटो तो टोमॅटोच. आज लाल, उद्या रस्त्याच्या कडेला. त्यापेक्षा लेकरू वाढवलेलं परवडलं, ते निदान एकदा मोठं झालं की झालं.

तीन-चार वर्षांपूर्वी जुन्नरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मणक्यात गॅप आहे, वाकायचं काम बंद करा. घरी येऊन मी तसं सांगितलं. आमचे हे म्हणाले, बरोबर आहे, बंदच करायला पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली की चल, बांधणीला बाया आल्यात. माणूस वाईट नाही. फक्त एका कानानं ऐकलेलं त्यांच्या दुसऱ्या कानापर्यंत पोचतच नाही, मधेच कुठंतरी विरतं.

रोझमेरी आणली ती मुलीनं. ती अवसरी खुर्दला दिलेली आहे. तिकडं इंजिनियरिंगच्या कॉलेजची पोरं असतात, म्हणून ती आणि जावई मिळून एक छोटं स्नॅक्स सेंटर चालवतात. पोरांना नुसता वडा चालत नाही. भाजलेल्या बटाट्यावर, ब्रेडच्या लोण्यात ही रोझमेरी बारीक चिरून टाकायची म्हणे. पुण्याहून आणली की येईस्तोवर माना टाकायची, म्हणून तिनं दोन कुंड्याच माझ्याकडं आणून ठेवल्या आणि कसं सांभाळायचं ते सांगितलं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं. पाणी कमी. खत नको. कीड शिवत नाही. ऊन पाहिजे आणि मुळाशी पाणी साचायला नको, बास. मी म्हटलं, अगं हे झाड आहे का साधू?

पण ते डोक्यात बसलं. घरामागं वरच्या अंगाला आमचं एक मुरमाड वावर आहे, दहा-बारा गुंठ्यांचं. त्यात हुलग्याशिवाय काही म्हणून येत नसे. मी ह्यांना म्हटलं, ते मला द्या. ते म्हणाले, घे, तुझी हौस होऊन जाऊ दे. त्या दोन कुंड्यांच्या बोटभर काड्या काढल्या, खालची पानं ओरबाडली, आणि शेडनेटच्या सावलीत वाळूच्या ट्रेमध्ये खोचल्या. निम्म्या वाळल्या, निम्म्यांना मुळ्या फुटल्या. त्यांच्या पुन्हा काड्या केल्या. वावरात मुरूम ओढून उंच वरंबे केले आणि त्यावर लावत गेले. पहिलं वर्ष तर नुसतं बघण्यात गेलं. झाड वाढतंय का रुसून बसलंय तेच कळेना. शेजारच्या बाया येता-जाता विचारायच्या, काय गं, सुरूची झाडं लावलीस का बुटकी? मग कुणीतरी मोबाइलवर बघितलं की रोझमेरीच्या पाण्यानं केस वाढतात. त्यानंतर थट्टा बंद झाली आणि बाया पदराआड काड्या मोडून न्यायला लागल्या. केस कुणाचे वाढलेले दिसले नाहीत, पण वाटेकडची झाडं मात्र छान छाटली गेली.

आमच्या स्वैपाकघरात तिचं काही जमलं नाही, हेही सांगून टाकते. एकदा बटाट्याच्या भाजीत घातली तर हे म्हणाले, कुणाचं अंग दुखतंय का, बामाचा वास येतोय. पण दुसऱ्या वर्षी झाडं गुडघ्याला लागली आणि लोक विचारत आले. आठवड्याच्या आठवड्याला एक भाजीवाला जुड्या न्यायचा, पुण्याच्या हॉटेलांत द्यायला. माळशेजच्या रस्त्याला फार्महाऊस झालीत ना, तिथल्या बागा करणारा एक माणूस कुंड्या न्यायला लागला. फरशीच्या वाटेच्या दोन्ही अंगांना ही झाडं लावून वरून सपाट कापायची, निळी बारकी फुलं येतात, येणाऱ्याच्या पायाला घासली की वास सुटतो. मुंबईच्या लोकांना ते फार आवडतं, तो सांगायचा.

मला काय आवडायचं ते वेगळंच. ते काम बसून करता यायचं. सकाळी काड्या कापून आणायच्या, अंगणात आंब्याखाली पाट घ्यायचा, आणि पाठ बुंध्याला टेकून जुड्या बांधायच्या. तीस वर्षांत मी शेतातलं काम पाठ टेकून केलं नव्हतं. बिबट्याची भीती नाही, कारण गुडघाभर झुडपात तो लपणार कुठं. उसाच्या कडेनं जाताना आम्ही मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावतो, इथं तसलं काही नाही. मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं, आणि या वेळी दोन्ही कान धरून घेतलं म्हणा ना: दिवाळीपर्यंत रोझमेरी अशीच चालली तर टोमॅटो बंद. खालचं वावर वाट्यानं द्यायचं, आणि मी वाकायचं नाही. ते हो म्हणाले. मी तेव्हापासून दिवाळीची वाट बघायला लागले, माहेरवाशीण बघत नसेल तेवढी.

आता थोरल्या दिरांचं सांगायला पाहिजे. त्यांना घरात सगळे दादा म्हणतात. आमचं घर मूळचं मेंढपाळाचं. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा थोरल्याला मेंढरं दिली आणि धाकट्याला जमीन. दादा जन्मभर चालले. दिवाळीच्या सुमाराला घोड्यावर बिऱ्हाड टाकून माळशेज उतरायचे, कोकणात हिंडायचे, आणि मिरगाच्या आधी वर यायचे. आले की आमच्या खालच्या वावरात मेंढरं बसवायचे. लोक धान्य देऊन बसवून घेतात. रात्री वावरात जाळं लावून मेंढरं कोंडायची, त्यांच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, की दोन वर्षं खताकडं बघायला नको. दादा आमच्याकडून कधी पसाभर घेत नसत. उलट सगळ्यात आधी आमच्या वावरात बसवायचे, मग गावात.

मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. आमच्यात थोरल्या दिराशी बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर आता राहिला नाही, गाऊनवर ओढणी आली, पण बोलणं काही सुरू झालं नाही. हे घरात असले की ह्यांच्यामार्फत. नसले की मी गॅसकडं तोंड करून म्हणायची, चहा ठेवलाय म्हणावं. दादा दाराकडं बघून म्हणायचे, साखर कमी टाक म्हणावं. घरात तिसरं माणूस नसायचं. कुणी कुणाला म्हणावं, देव जाणे. पण तीस वर्षं तसंच चाललं आणि त्यात कुणाचं काही अडलं नाही, असं मला वाटत होतं.

वहिनी, म्हणजे माझी थोरली जाऊ, वारल्यापासून दादा थकत चालले होते. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो काही मेंढरांमागं जाणार नव्हता. दादांच्या गुडघ्यांना घाट उतरवेना. त्या वर्षी कोकणातून वर येतानाच त्यांनी मेंढरं विकायचं ठरवलं होतं, पारनेरकडचा एक माणूस घेणार होता. मी त्या वेळी घरी नव्हते. मुलीचा पाय मुरगळून प्लास्टर घातलं होतं, म्हणून तिचं स्नॅक्स सेंटर सांभाळायला अवसरीला जाऊन राहिले होते. बटाटे भाजत होते आणि पोरांना माझ्याच रानातली रोझमेरी घालून देत होते. एक पोरगं म्हणालं, मावशी, एकदम फाइव्ह स्टार. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

परत आले, एसटीतून उतरले, आणि रस्त्यावरूनच वरचं वावर दिसलं. काळं दिसत होतं. जवळ गेले तर वरंबे सगळे सपाट. झाडं उभी होती, पण फांद्या फाटलेल्या, आणि बुंध्यापर्यंत लेंड्यांचा थर. मेंढरांनी रोझमेरी खाल्ली नव्हती, ती कोण खाणार, पण शेकडो खुरांनी तो भुसभुशीत मुरूम अंगणासारखा चोपून काढला होता. खालच्या वावरात टोमॅटो उभा होता, म्हणून दादांनी ह्यांना विचारलं होतं की वर बसवू का, तिची झाडं हायेत, तेवढंच त्यांना खत. आणि आमचे हे, ज्यांना मी शंभर वेळा सांगितलं होतं की याला खत नको, पाणी नको, म्हणाले होते, बसवा की. दादा बांधावर बसले होते. माझ्याकडं न बघता डोंगराकडं बघून म्हणाले, झालं म्हणावं, आता दोन साल बघायला नको. त्यांच्या तोंडावर मोठं समाधान होतं. घरात गेले, पिशवी टाकली आणि आडवी झाले.

ह्यांच्यावर मात्र तोंड सोडलं. डोक्यात नुसती तिडीक गेली होती. ते आधी म्हणाले, अगं खतानं कुठं झाड मरतं का? मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मुलीला फोन लावून तिच्या तोंडून ऐकवलं. त्यावर ते जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"दादांची शेवटची मेंढरं व्हती ती. गिऱ्हाईक गाडी घिऊन दारात उभं व्हतं, तरी त्याला थांबिवलं. म्हनले, आदी तिच्या रानात बसवतो, मंग न्या. आता त्यांना हे सांगू नको. तुला हात जोडतो."

मी नाही सांगितलं. एक तर मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. आणि खरं सांगायचं तर ऐकून माझाही जीव गलबलला. ज्यानं आयुष्यभर एकच गोष्ट केली त्यानं ती शेवटची करून मला दिली, त्याला काय सांगायचं? पारनेरच्या माणसाचा आठवड्यानं फोन आला की मेंढरांना काय तेलबिल लावलं होतं का, अजून बामाचा वास येतोय. दादा त्यावर पोट धरून हसले. मीही आत हसले, पण ते हसू काही फार टिकलं नाही.

आधी तर झाडं अशी फोफावली की विचारू नका. पावसाळ्याच्या तोंडाला नुसती हिरवीगार, मऊ, लांब लांब शेंडे. गावातले लोक बघायला यायचे. दादा त्यांना हिंडवून दाखवायचे, आणि हे मान खाली घालून मागून जायचे. भाजीवाल्यानं जुड्या नेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आणून ओट्यावर ठेवल्या. म्हणाला, ताई, दिसायला लई भारी, पण वास कुठंय? मी पान चुरगाळून नाकाला लावलं. गवताचा वास आला. बागवाला येऊन बोटानं शेंडा वाकवून बघून गेला, पुन्हा आला नाही. मग पाऊस लागून राहिला. माळशेजचा पाऊस आमच्याकडं उरलेला सगळा ओतूनच पुढं जातो. चोपलेल्या जमिनीत पाणी मुरेना, मुळ्या कुजायला लागल्या. एकेक झाड शेंड्याकडून काळं पडत खाली यायचं. उपटलं की हातात यायचं, मुळाशी घाण वास. रोज सकाळी मी जायची आणि दोन-चार उपटून बांधाबाहेर टाकायची. मेलेलं माणूस उचलावं तसं वाटायचं. दादांनी दाराकडं बघून विचारलं, काय झालं म्हणावं झाडांना? हे म्हणाले, हवामान. त्यानंतर घरात काही बिघडलं की हवामान.

बांधाखाली खडक आहे, तिथं मेंढरांचं जाळं पोचलं नव्हतं. तिथली एक ओळ तेवढी वाचली. दिसायला रोडकी, पण चुरगाळली की वास असा यायचा की डोळ्यांत पाणी यावं. त्या ओळीवर माझा सगळा जीव. तिच्याच काड्या काढून मी पुन्हा ट्रे भरले. म्हटलं, या दिवाळीला नाही तर पुढच्या, पण टोमॅटो बंद होईलच. हे मला बघून म्हणायचे, दमली नाहीस का गं? दमले होते की. दमले होते म्हणूनच तर करत होते.

दादा आता आमच्याकडंच राहायला होते, पुढच्या खोलीत. मुलाकडं चाकणला आठ दिवस राहून आले आणि म्हणाले की तिथं जमिनीवर यायला पण लिफ्ट लागते. इथं तरी काय होतं त्यांना? अंधारात जाग यायची, मेंढरं सोडायची सवय. उठायचे, काठी घ्यायचे, सगळं शिवार फिरून यायचे आणि उन्हं वर येईस्तोवर परत. मग दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या. गावातले म्हणायचे, दादा, आता आराम करा.

आणि मग ती वाचलेली ओळपण बिघडायला लागली. शेंडे मऊ पडले, वास उतरला, एका झाडाची पानं काळवंडली. माझी तर मतीच गुंग झाली. इथं मेंढरू आलं नव्हतं, पाणी साचत नव्हतं, मग झालं काय? मुलीला फोटो पाठवले, तिनं कुणाकुणाला विचारलं, त्यांनी औषधं सांगितली. मी बांधावर बसून म्हटलं, बाई गं, माझ्या नशिबात बसणंच नाही. तरी ट्रेमधली रोपं चांगली होती. पाऊस उघडल्यावर पुन्हा मुरूम ओढला, वरंबे केले आणि ती लावली. कंबरेला पट्टा बांधून लावली.

दिवाळीच्या तोंडाला कोकणात उतरणारे कळप आमच्या रस्त्यानं जायला लागतात. एका दुपारी हे मार्केटला गेले होते. मी आत भांडी घासत होते, तेवढ्यात बाहेर घंटा आणि कुत्र्यांचा आवाज आला. फाटकाशी कळप उभा होता. दादा त्या मेंढपाळाशी बोलत होते, त्यांच्या नात्यातलाच तो. घोड्यावरून जाळं उतरवून खाली ठेवलेलं होतं. दादा त्याला वरचं वावर काठीनं दाखवत होते.

मी दारात आले. सवयीनं भिंतीकडं बघून म्हटलं, नको म्हणावं. दादांनी ऐकलं आणि त्या मेंढपाळाला हसून म्हणाले, लाजतीया ती, तू लाव जाळं. तो जाळं खांद्यावर घेऊन निघालासुद्धा. मी परत म्हटलं, नको म्हणावं. कोण म्हणणार होतं? तिथं म्हणायला कुणी नव्हतंच. मी पायऱ्या उतरले, साबणाचे हात तसेच, आणि जाऊन दादांच्या समोर उभी राहिले. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"दादा, मेंढरं नकोत. माझी झाडं मेंढरं बसल्यानंच मेली."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मी बोलले याचं आश्चर्य आधी झालं, काय बोलले ते मागून पोचलं. मग त्यांनी हात वर करून त्या माणसाला थांबवलं. तो बिचारा काही न विचारता जाळं परत घोड्यावर टाकून मेंढरं घेऊन पुढं गेला. मी मग सगळं सांगितलं, खत का नको, पाणी का नको, वास का गेला. बोलायला सुरुवात झाली तर थांबताच येईना. दादा फाटकाजवळच्या दगडावर खाली बसले.

"मंग मला कुनी का न्हाई सांगितलं? ती कडंची वळ जगली व्हती, तिला मी रोज सकाळच्याला वावरातल्या मूठ मूठ लेंड्या येचून घालीत व्हतो. बुडाशी, मातीत दाबून. म्हनलं, एवढी तरी जगावीत हिची."

मला रागही आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. राग कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचा. ह्यांचा, त्या हवामानाचा, त्या म्हणावंचा. अंधारात उठून हा म्हातारा माझ्या झाडांच्या बुडाशी बसून मायेनं मारत होता, आणि आमच्यातल्या कुणी एकानं नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. दादांनी काठीनं मातीत उगाच रेघ ओढली आणि विचारलं की मग या झाडाला लागतं तरी काय.

"काही लागत नाही दादा. नुसतं सोडून द्यायचं त्याला."

"मंग मी करू काय?"

ते मलाच विचारत होते असं नाही. पण समोर मीच होते. मला कुणीतरी सांगावं की आता बस, काही करू नकोस, यासाठी मी तीस वर्षं तळमळत होते. त्यांना गावानं तेच सांगितलं होतं आणि ते त्यानंच खचत चालले होते.

हे मार्केटहून आल्यावर मी त्यांच्याशी दोन दिवस म्हणावं लावूनच बोलले. जेवून घ्या म्हणावं, अंघोळीला पाणी काढलंय म्हणावं. दादांसमोर. दादा खाली मान घालून हसायचे आणि ह्यांना घास उतरायचा नाही. दिवाळी आली आणि गेली. टोमॅटो काही बंद झाला नाही. बंद करण्याइतकी रोझमेरी राहिलीच नव्हती. कडेची ओळ निम्मी गेली, नवी रोपं जगली आहेत, पण ती अजून बोटभरच आहेत आणि त्यांना वर्ष-दोन वर्षं लागतील. थंडी सरता सरता खालच्या वावरात उन्हाळी टोमॅटोसाठी बांबू ठोकले गेले, तारा ओढल्या, आणि बाया मिळेनात म्हणून पुन्हा मीच पट्टा आवळून सरीत.

पण या वेळी मी दादांना हाक मारली. सरळ हाक मारली, ओट्यावर जाऊन. म्हटलं, दादा, टोमॅटोला सगळं लागतं, तुम्ही चला. ते लगेच उठले. सुतळी कशी धरायची, झाडाला कुठं आधार द्यायचा, तारेला कसा वळसा घालायचा, सगळं दाखवलं. त्यांचे हात जाळं विणणारे, ते गाठ अशी मारायचे की कोवळ्या खोडाला काचायची. मी मागून जाऊन सैल करायची. दिवसभर ते बोलत होते. तीस वर्षांचं साठलेलं असावं. कोकणातल्या नद्या, कुठल्या वर्षी कुठं लांडगं पडलं, वहिनी कशी चालायची. मी हं हं करत होते, आणि कंबर आपलं काम करत होती. दुपारनंतर एका ओळीच्या मधोमध मला वाकलेलं सरळच होता येईना. तार धरून तशीच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

दादा पलीकडच्या ओळीतून बघत होते. म्हणाले, "बाई, तू बस. ही वळ मी बांधतो."

या घरात मला बस म्हणणारं पहिलं माणूस ते. थोरल्या दिरासमोर बसायचं नसतं, म्हणून क्षणभर मी ह्यांना शोधलं, ते पार वरच्या टोकाला होते. मग मी बसले. सरीतल्या मातीत, बांबूला पाठ टेकून. काही वेळ नुसती रडले, मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. दादांनी ते बघितलं आणि बांधत पुढं गेले. दोन झाडं गेली, तीन गेली, गाठी पुन्हा आवळून बसत होत्या. मी म्हटलं, दादा, गाठ सैल ठेवा. सांगितलं, पण उठले नाही.